मेलेल्याला उठवणारी शास्त्रज्ञ त्याच्याच प्रेमात पडली तर? (हरिपूर-मिरजेची भयप्रेमकथा लिहितेय, मतं हवीत)

वारणाकाठ

नमस्कार मंडळी,

एक कादंबरी लिहायला घेतली आहे. वरून भयकथा, पोटात प्रेमकथा. आणि त्या पोटातल्या कथेपाशीच अडले आहे, म्हणून हा धागा.

नायिका चाळिशीला आलेली. मिरजेत मेडिकलच्या मुलांना शरीररचनाशास्त्र शिकवते. लग्न केलेलं नाही, त्याचं तिला दुःखही नाही. हरिपूरला आजोळचा रिकामा वाडा आहे आणि मागच्या आवारात हळद साठवायचं जुनं पेव, म्हणजे जमिनीतली कोठी. शरीर थांबलं म्हणजे नेमकं काय थांबलं आणि ते पुन्हा चालू करता येईल का, या एकाच प्रश्नामागे ती वर्षानुवर्षं लागली आहे. एका रात्री तिला ते जमतं. समोरचा माणूस नात्यातला नाही की ओळखीचा नाही. बेवारस म्हणून आलेला तिशीतला पुरुष. तो डोळे उघडतो. त्याला काहीच आठवत नसतं. ती त्याला बोलायला शिकवते, चालायला शिकवते, घास भरवते. आणि करता करता त्याच्यावर तिचा जीव जडतो.

केस पिंजारून विजांच्या कडकडाटात हसणारी वेडी बाई मला करायची नाही. तिचं प्रेम खरं आहे. तरीही ते वाचताना अंगावर काटा यायला हवा, आणि तो काटा पेवातल्या अंधारामुळे नको, त्या प्रेमामुळेच यायला हवा.

तर जिने त्याला उठवलं तिने त्याच्याशी संसार मांडावा का? तुम्हाला पटेल? आणि त्याने काय करावं?

पहिलं प्रकरण लिहून झालंय. त्यात देह २०१९ च्या पुरात वाहून येतो.

एसटी_पास

पयला! वाचतोय. उठल्यावर त्याला पहिल्यांदा खायला काय देणार? सांगलीत उठलाय म्हणजे भडंगच पायजे.

सातारी_कंदी

विषय झकास, पण कथा आमच्या जिल्ह्यात आणा की. कराडला कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम आहे, प्रेमकथेला जागा आयतीच मिळाली. आणि मेलेल्याला उठवायला वीज लागणारच, तर कोयनेइतकी कुठं मिळणार? १९६० मेगावॉट! शिवाय ११ डिसेंबर १९६७ ची ती पहाट. कोयनानगरला घरं कोसळली, माणसं झोपेतच गेली. आमच्याकडची जुनी माणसं अजून त्या रात्रीबद्दल बोलताना आवाज खाली घेतात. भयकथेला माती तिथली आहे.

मिरज_ओपीडी

सगळ्यांना विजेचं फार आकर्षण, म्हणून आधी तेवढं बोलतो. थांबलेलं हृदय झटका देऊन चालू होत नाही. हृदय थरथरत असतं, त्याची लय मोडलेली असते, तेव्हा तो झटका ती थरथर क्षणभर पूर्ण थांबवतो आणि हृदयाला स्वतःची लय परत धरायची संधी देतो. माणसावर हे पहिल्यांदा जमलं १९४७ मध्ये. पडद्यावरची रेघ सपाट झाली असेल तर झटक्याचा उपयोग नाही, मग हातांनी छाती दाबणं आणि औषधं. त्यामुळे कोयनेचे सगळे मेगावॉट आणले तरी सपाट रेघ सपाटच राहील.

मेंदूला ऑक्सिजन मिळाला नाही तर चार-पाच मिनिटांत पेशींची हानी सुरू होते. अपवाद थंडीचा. नॉर्वेत १९९९ मध्ये एक तरुण डॉक्टर बर्फाखालच्या पाण्यात अडकली होती. बाहेर काढली तेव्हा हृदय बंद, शरीराचं तापमान १३.७ अंश. ती वाचली आणि पुन्हा कामावर गेली. म्हणून आमच्यात शिकवतात की गारठलेल्या माणसाला ऊब देऊन झाल्याशिवाय मेला म्हणू नये.

आणि २०१९ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात कत्तलखान्यातून आणलेल्या डुकरांच्या मेंदूंमधून, मृत्यूनंतर चार तासांनी, एक खास द्रव फिरवला. पेशींचं काही काम पुन्हा सुरू झालं. जाणीव मात्र परत आली नाही. मुद्दाम येऊ नये याचीही काळजी घेतली होती, कारण आली असती तर त्या मेंदूशी वागायचं कसं, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. तुमच्या नायिकेने ती काळजी घेतली नाही, एवढंच.

एक पथ्य मात्र पाळा. विच्छेदनाच्या टेबलावरचा देह तिला देऊ नका. फॉर्मलिनने प्रथिनं एकमेकांत अडकून घट्ट होतात, तिथून परतीचा रस्ता नाही. तिला ताजा देहच लागेल.

वारणाकाठ

डॉक्टर, फार उपयोगाचं सांगितलंत. 'जाणीव येऊ नये याची काळजी' हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. तिच्या हातून नेमकं काय घडलं ते त्यात आहे.

सातारी_कंदी, प्रीतिसंगमाचा मोह मलाही होतो. पण आमच्या हरिपूरलाही संगम आहे हो, कृष्णा आणि वारणेचा. माझं नाव बघा.

पलूसचा_पाहुणा

ताई, एक मागणं आहे, रागावू नका. देह पुरातला घेऊ नका. सांगलीच्या आयर्विन पुलाखाली ४५ फुटाला धोका असतो, त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं हे तुम्हाला माहीत आहे. आमच्या भागात त्या पाण्यात माणसं गेली. त्यांची घरं आहेत, पोरं आहेत, ती पोरं आता वाचायच्या वयाची झालीत. त्यातल्या एखाद्याने तुमचं पुस्तक हातात धरलं आणि पहिल्याच पानावर पाण्यातून देह आला तर?

पुस्तककिडा

पलूसचा_पाहुणा, तुमची भावना समजते, पण साहित्यात दुःखाला बंदी घातली तर काय उरेल? मोठ्या संकटांवरच मोठं लिखाण झालंय.

पलूसचा_पाहुणा

दुःखावर लिहा की. जरूर लिहा. माझं म्हणणं एवढंच की तो पूर इथं फक्त देह पुरवायला आला आहे. पुरावर लिहायचं तर पुरावर लिहा.

वारणाकाठ

पूर काढते. तुमचं शेवटचं वाक्य बरोबर आहे. आता तो देह कुठून येतो ते नव्याने शोधावं लागेल, सुचवा.

नाट्यवेडा

मूळ प्रश्नाकडे येतो. ही गोष्ट आपल्याकडे फार जुनी आहे आणि सांगलीच्या मातीत तर दोनदा उगवली आहे. कच-देवयानी!

बृहस्पतीचा मुलगा कच संजीवनी शिकायला शुक्राचार्यांकडे येतो. दैत्य त्याला मारतात, देवयानीच्या हट्टापायी शुक्राचार्य त्याला उठवतात. पुन्हा मारतात, पुन्हा उठवतात. तिसऱ्यांदा त्याची राख करून मद्यातून शुक्राचार्यांनाच पाजतात. आता कच गुरूच्या पोटात. त्याला बाहेर काढावं तर गुरूचं पोट फाटणार. म्हणून पोटातल्या कचाला संजीवनी शिकवली जाते, तो बाहेर येतो आणि मग गुरूला उठवतो. एवढं सगळं झाल्यावर देवयानी म्हणते, आता माझं पाणिग्रहण कर. तो नाही म्हणतो. तुझ्या वडिलांच्या पोटातून आलो, आता तू माझी बहीण.

सांगलीत जन्मलेल्या खाडिलकरांनी यावर १९१३ मध्ये 'संगीत विद्याहरण' रंगभूमीवर आणलं. आणि सांगलीतच जन्मलेल्या खांडेकरांच्या 'ययाति'मध्ये कच आणि देवयानी दोघंही आहेत. तुमची नायिका म्हणजे देवयानी आणि शुक्राचार्य एकाच अंगात. विद्याही तिचीच, जीवही तिचाच जडलेला. खाडिलकरांच्या गावात बसून तुम्ही हे लिहिताय, मला फार आनंद झाला.

अंगणओवी

नाट्यवेडा, सुंदर. पण देवयानीवर मला कायम अन्याय झाल्यासारखा वाटतो. तिने तीनदा बापाकडे रडून-भांडून त्याचा जीव परत मिळवला. तो विद्या घेऊन निघाला आणि जाताना नात्याचा नियम सांगितला. तिने शाप दिला तर तीच वाईट!

आता वेताळाची गोष्ट आठवा. एका मुलीला तीन स्थळं. ती मरते. एक जण स्मशानात तिच्या राखेवर झोपून राहतो, दुसरा अस्थी घेऊन गंगेला जातो, तिसरा भटकत भटकत मेलेल्याला उठवायचा मंत्र शिकून येतो. ती उठते. मग ती कोणाची? विक्रम म्हणतो, ज्याने जीव दिला तो बाप, अस्थी नेल्या तो मुलगा, आणि राखेजवळ राहिला तो नवरा.

म्हणजे दोन्ही गोष्टींचा निकाल एकच: उठवणारा नवरा होत नाही. पण तुमच्या नायिकेने उठवलंही आहे आणि त्याआधी रात्र-रात्र त्याच्याजवळ बसलीही आहे. विक्रमाला विचारलं असतं तर तो अडकला असता. वेताळ सुटला नसता झाडावर!

एसटी_पास

मग नाव कोण ठेवणार? बाईंनी नाव ठेवलं की झालं बारसं, आणि बारसं केलं की आई. नाव ठेवूच नका त्याचं.

अंगणओवी

एसटी_पास, तू गंमत केलीस पण हे खरंच महत्त्वाचं आहे. नाव त्याने स्वतः घ्यावं.

पुस्तककिडा

नाव नसलेल्या माणसावरून मेरी शेलीची आठवण निघणं भाग आहे. तिच्या 'फ्रँकेन्स्टाइन' कादंबरीतल्या निर्मितीलाही नाव नाही. ती कादंबरी १ जानेवारी १८१८ ला लंडनमध्ये निघाली, लिहायला घेतली तेव्हा मेरी अठरा वर्षांची होती. लिहायला घेतली त्याच्या आदल्या वर्षी, १८१५ च्या मार्चमध्ये, तिची काही दिवसांची मुलगी गेली होती. काही दिवसांनी तिने रोजनिशीत स्वप्न लिहून ठेवलं आहे, की बाळ नुसतं गारठलं होतं, आम्ही त्याला शेकोटीपाशी चोळलं आणि ते जगलं.

मिरज_ओपीडी, तुम्ही नॉर्वेची हकीकत सांगितलीत तेव्हापासून मला हेच स्वप्न आठवतंय.

पण वारणाकाठ, तुमच्या गोष्टीतला मोठा फरक बघा. शेलीचा शास्त्रज्ञ आपली निर्मिती डोळे उघडते त्या क्षणी पळून जातो. पुढचा सगळा अनर्थ त्या पळण्यातून होतो. तुमची बाई पळत नाही. ती थांबते, घास भरवते. मग अनर्थ कुठून येणार? ते तुम्हाला शोधावं लागेल, कारण टाकून दिल्याचं भय तुम्हाला वापरता येणार नाही.

वारणाकाठ

हाच माझा अडलेला घास आहे. ती चांगली वागते. मग भय कशाचं?

हळद_पेठ

पेवाचा उल्लेख वाचून आलो. आमची तीन पिढ्या हळदीची अडत. हरिपूरच्या पेवांबद्दल चार गोष्टी, म्हणजे चुकीचं छापलं जाणार नाही.

पेव म्हणजे जमिनीत खणलेली खोल कोठी. तोंड अरुंद, माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत पोट मोठं. तळाला नि कडेला पाला, चटया लावून हळद भरायची, तोंड बंद करून वर माती. आत हवा राहत नाही म्हणून कीड लागत नाही, वर्षानुवर्षं माल टिकतो. हरिपूरची मातीच तशी घट्ट. २००५ च्या पुरात पाणी शिरून बरीच पेवं कामातून गेली, आता वापरातली फार थोडी.

आणि पेव उघडल्या उघडल्या कधीही कुणी उतरत नाही. आतली हवा मारते. तोंड उघडं ठेवून वारं खेळू द्यायचं, मग दोरीला दिवा बांधून खाली सोडायचा. दिवा विझला तर माणूस उतरत नाही. तुमच्या बाईंना हे माहीत असलंच पाहिजे, आजोळ हरिपूरचं आहे.

कीड लागत नाही म्हटल्यावर देह पण टिकेल की.

मिरज_ओपीडी

हळद_पेठ, माहिती अप्रतिम, पण देह टिकणार नाही. हळदीची कीड हवेवर जगते. देह सडवणारे बरेच जंतू आतड्यातच असतात आणि त्यांना हवा लागतच नाही, उलट नसेल तर त्यांचं फावतं. पेवात देह ठेवला तर आपल्याकडच्या उष्णतेत दोन दिवसांत जवळ जाता येणार नाही.

हळद_पेठ

मग पेव काढायचं म्हणता? पेव काढू नका हो. आमच्या गावचं एवढं एकच पुस्तकात येणार होतं.

मिरज_ओपीडी

काढू नका. कथेला एक मोठं खोटं माफ असतं, पण ते एकच असावं आणि बाकी सगळं काटेकोर असावं. देह येतो ताजा, काम होतं वरच्या खोलीत. तो उठल्यावर लपवायचा कुठे, तर पेवात. जिवंत माणूस पेवात ठेवायचा म्हणजे तोंड उघडं ठेवावं लागणार. झाकण कधी लावायचं आणि कधी काढायचं, हे तिच्या हातात. भय इथेच आहे की.

वारणाकाठ

डॉक्टर!!! हे वाचून मी उठून फेऱ्या मारल्या. पेव देहासाठी नाहीच. पेव त्याच्यासाठी आहे.

एसटी_पास

आणि तो झोपतच नाही. ती वर झोपायला जाते, तो खाली उभा राहून झाकणाकडं बघत बसतो. रात्रभर. सकाळी ती झाकण काढते तेव्हा तो तिथंच, तसाच, वर बघत. आणि हसतो.

सातारी_कंदी

लगा, आता मला झोप यायची नाही.

कूपनलिका

हळदीवरून एक सांगू? शाळेत रसायन शिकवते. हळद आम्लारी पदार्थाला लागली की लाल होते, आपलं कुंकू असंच करतात, हळद आणि चुना. साबणानेसुद्धा होते, हळदीचा डाग धुताना पाहिलं असेल. आणि अतिनील दिव्याखाली हळद पिवळट-हिरवी चमकते.

जुन्या पेवातली हळदीची धूळ त्याच्या अंगाला लागणार. तिने त्याला पहिल्यांदा अंघोळ घातली तर साबण लावल्या लावल्या त्याचं अंग लाल होईल. आधी हळदीने माखलेला, मग कुंकवासारखा लाल. ती शास्त्रज्ञ आहे, तिला कारण ठाऊक आहे. तरी बाई म्हणून ती काय पाहील?

नाट्यवेडा

हळद लागली! यापेक्षा चांगला प्रवेश मी वाचलेला नाही. कृपया हा ठेवा.

विटेकर

देह कुठून येतो हे विचारलं होतं, मी सांगतो. गलाईवाला घ्या.

आमचा खानापूर-आटपाडी भाग म्हणजे पाऊस नाही, शेतीत भागत नाही. म्हणून पिढ्यानपिढ्या पोरं गलाईला जातात. केरळ, तमिळनाडू, दिल्ली, बंगाल, कुठंही जा, सराफकट्ट्याच्या मागच्या गल्लीत जुनं सोनं-चांदी गाळणारा माणूस विट्याकडचाच भेटणार. दहा बाय दहाची खोली, भट्टी, मूस, नायट्रिकचा धूर. पंधरा-सोळाव्या वर्षी जातात, यात्रेला गावी येतात. एखादा वाटेत रेल्वेत किंवा स्टॅंडवर पडला, खिशात काही सापडलं नाही, तर बेवारसच धरणार. घरी वाट बघतात, त्यांना वाटतं दुकानात गेला, दुकानात वाटतं घरी गेला. मिरज जंक्शन आहे. उत्तरेचा, दक्षिणेचा, सगळा माणूस तिथूनच उतरतो.

कूपनलिका

विटेकर, मग आणखी एक गोष्ट जुळते. नायट्रिक ॲसिड कातडीला लागलं की पिवळा डाग पडतो. तो धुवून जात नाही, कातडी नवी येईल तेव्हाच जातो. म्हणजे बाई त्याला अंघोळ घालते, हळद लाल होऊन वाहून जाते, पण बोटांच्या टोकांवरचा पिवळा रंग काही केल्या निघत नाही. साबणाने उलट नारिंगी होतो. तिथे तिला कळतं की ही हळद नव्हे. हा माणूस कुणीतरी होता.

मिरज_ओपीडी

आणि हाताने शिकलेलं काम मेंदूत वेगळ्या ठिकाणी साठतं. नावगाव, माणसं, प्रसंग सगळं पुसलं गेलेल्या रुग्णांनाही हातांची कला राहते. तो बोलायला शिकायच्या आधी तिच्या गळ्यातली साखळी बोटांत घेऊन सोन्याचा कस सांगू शकेल. शब्दाने नाही, मान हलवून.

वारणाकाठ

मी आज दिवसभर कामात होते आणि तुम्ही माझी कादंबरी पुढे नेऊन ठेवलीत. गलाईवाला पक्का. बोटं पक्की.

आता मात्र माझा प्रश्न जास्त टोचतो. बोटं बघून तिला कळतं की त्याला घर आहे. ती त्याला सांगत नाही. का, तर तो जाईल म्हणून. मग तिचं प्रेम खरं आहे असं मी कसं म्हणू?

चौकटीबाहेर

स्पष्ट लिहितो. मला हे सगळं ओंगळ वाटतं. ज्याला स्वतःचं नाव ठाऊक नाही, ज्याला घास तीच भरवते, त्याच्यावर प्रेम? पुरुष डॉक्टर आणि अशी असहाय बाई असती तर याच धाग्यावर सगळे तुटून पडले असते. इथे हळद-कुंकवाने सगळे विरघळले. तो होकार देतो त्याला काय किंमत? त्याला दुसरं काही माहीतच नाही.

अंगणओवी

चौकटीबाहेर, ओंगळ हा शब्द कठोर आहे, पण तुमचा मुद्दा मान्य करावा लागतो. वारणाकाठनेच पहिल्या पोस्टमध्ये म्हटलंय की काटा त्या प्रेमाने यावा.

सांजवेळ

मी इथे फक्त वाचत असते. आज लिहिते.

माझे यजमान गेले त्याला बराच काळ झाला. आम्ही साताऱ्याला, ते शिक्षक होते. तुमचा धागा वाचताना मनात आलंच, कुणी त्यांना उठवून दिलं असतं तर मी घेतलं असतं का. घेतलं असतं. लाज वाटत नाही सांगायला. पहिली दोन-तीन वर्षं तर मी काहीही घेतलं असतं.

पण मला एक सांगायचं आहे. त्यांचा आजार मेंदूचा होता. आयुष्यभर माणूस मोठा तिखट. चहा पातळ झाला तरी बोलायचे, माझ्या भावांशी राजकारणावरून भांडायचे, मी रंगाची साडी निवडली की ते दुसरी काढायला सांगायचे. शेवटच्या काही महिन्यांत ते सगळ्याला हो म्हणायला लागले. जेवता का, हो. कूस बदलू का, हो. खिडकी लावू? हो. उघडू? हो. लोक म्हणायचे, किती शांत झालेत, तुमचं नशीब. मला त्या होकाराची भीती वाटायची. मी एकदा मुद्दाम विचारलं, मी निघून जाऊ का कायमची? हो म्हणाले, आणि हसले. त्या रात्री मी स्वयंपाकघरात बसून राहिले. माणूस समोर होता, श्वास चालू होता, आणि मी घरात एकटी होते.

तुम्ही विचारलं भय कशाचं. मला वाटतं तुमच्या नायिकेचा माणूस तिला पहिल्या दिवसापासून होच म्हणत असणार. एसटी_पास यांनी तो वर बघून हसतो असं लिहिलं तेव्हा मला आमचेच आठवले.

त्याने तिला एकदा नाही म्हणू दे. साध्या गोष्टीला. भाजीला. त्या दिवशी तो खरा उठला असं मी समजेन.

मिरज_ओपीडी

काकू, नमस्कार. हे पाठ्यपुस्तकात नाही.

चौकटीबाहेर

सांजवेळ काकू, माझा आक्षेप तुम्ही माझ्यापेक्षा नीट मांडलात. मी वाचत राहीन.

नाट्यवेडा

काकूंचं वाचून कचाकडे नव्याने बघतोय. तो तीनदा उठला, पण देवयानीला नाही म्हणाला तेव्हाच तो तिच्या हट्टातून सुटून स्वतःचा झाला. इतकी वर्षं मला त्याचा नकार कोरडा वाटायचा.

अंगणओवी

तरीही त्याने नियमाआड लपू नये! कच बहिणीचं नातं पुढे करतो. तुमच्या माणसाने सरळ म्हणावं, मला नको. किंवा म्हणावं, मला हवं. पण स्वतःच्या नावाने.

वारणाकाठ

सांजवेळ काकू, काल रात्री तुमचा प्रतिसाद वाचला आणि आज सकाळी सातव्या प्रकरणाची पहिली ओळ लिहिली. जेवणाचा प्रसंग आहे. ती त्याला नेहमीप्रमाणे वाढते आणि तो ताट बाजूला सारतो. "नको." तिचा हात तसाच राहतो. तिला इतका आनंद होतो आणि त्याच क्षणी इतकी भीती वाटते, की ती उठून झाकण लावायला जाते. पहिल्यांदा तिला ते लावायचं कारण कळतं. आणि ती लावत नाही.

भयाचं शिखर माझ्यासाठी आता तेच आहे. झाकण उघडं ठेवून ती वर झोपायला जाते. आणि त्याला शिडी चढता येते.

मूळ प्रश्नाचं माझं उत्तर मला मिळालं. त्याने तिला नकार देता येईपर्यंत ते प्रेम तिच्या एकटीचं आहे. खरं आहे, पण एकटीचं. म्हणून तिने त्याला त्याची बोटं दाखवून विट्याचं नाव सांगितलं पाहिजे. मग तो जातो. गावाकडे.

सातारी_कंदी

आणि परत येतो ना?? ताई, परत आणा. एवढं सगळं वाचून तो गेला तर मी कोयनेत उडी घेईन.

विटेकर

गावी गेल्यावर त्याच्या आईचं काय? तिने दिवस घातलेत त्याचे. ती दारात त्याला बघून काय करेल, ते टाळू नका. आमच्याकडं आई आधी पायाकडं बघेल, उलटे आहेत का ते.

वारणाकाठ

विटेकर, टाळणार नाही. ते प्रकरण लिहायला मला विट्यात येऊन राहावं लागेल असं दिसतंय. सातारी_कंदी, परत आला तर तो पुढच्या दाराने, पाहुण्यासारखा येईल, आणि मग हो की नाही ते तिने सांगायचं. इतकंच ठरलंय.

विटेकर

या की. यात्रेच्या दिवसांत या, सगळे गलाईवाले गावात असतात. भट्टी कशी पेटवतात तेही दाखवतो.

हळद_पेठ

आणि पेवाची शिडी लाकडी लिहू नका, आम्ही दोरावर उतरतो. दोर कोण ओढून घेतं ते बघा म्हणजे झालं.

वारणाकाठ

दोर! सातवं प्रकरण पुन्हा लिहिते. झालं की इथेच टाकते.